उद्यमबागेतील एका शेडचा खांब: दाब आणि वाकण एकत्र तपासताना

बेळगावच्या उद्यमबागेतील एका लहान कारखान्याचे हे प्रकरण आहे. आसपासच्या फाउंड्रींमधून आलेल्या कास्टिंगचे मशीनिंग तेथे होते. शेड १२ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब आहे. प्रत्येकी ५ मीटरचे सहा गाळे, दोन्ही लांब बाजूंना सात-सात पोलादी खांब, खांबांवर कैच्या (छत पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि वर पत्रे, अशी तिची साधी रचना. कास्टिंग हातगाडीवरून ओढण्यात माणसांच्या पाठी मोडतात, म्हणून मालकांना दोन टन उचलणारी विजेवरची क्रेन बसवायची होती, आणि तीही पाऊस लागायच्या आत. क्रेनचे रूळ पेलण्यासाठी वेगळे खांब उभे केले असते तर यंत्रांची जागा गेली असती. त्यामुळे असलेल्या खांबांनाच आतून ब्रॅकेट वेल्ड करून त्यांवर गॅन्ट्री गर्डर (क्रेनचे रूळ पेलणाऱ्या तुळया) टेकवायचे, असे फॅब्रिकेटरने सुचवले होते. तो खांब ही क्रेन पेलेल का, एवढाच प्रश्न माझ्याकडे आला.

फॅब्रिकेटरने आपले गणित एका कागदावर मांडून आणले होते आणि आकडेमोडीत त्याची चूक नव्हती. खांबावर येणारा दाब क्षेत्रफळाने भागून आणि दोन्ही दिशांचे मोमेंट (वाकवणारा परिणाम, बळ गुणिले अंतर) छेदाच्या मापांकाने भागून त्याने तिन्ही ताणांची बेरीज केली होती. ती सुमारे १०५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली होती, आणि पोलाद २५० चे, म्हणजे तेवढ्या ताणापर्यंत टिकणारे. “साहेब, निम्मेसुद्धा होत नाही,” असे तो म्हणाला. त्याचे बोट कागदावर जेथे होते तेथूनच हे सगळे प्रकरण सुरू होते, कारण त्याने तपासला होता तो खांबाचा एक छेद, म्हणजे आडवा काप, खांब नव्हे. छेदाला लांबी नसते. खांब निकामी होतो तो बहुतेक वेळा त्याच्या लांबीमुळे.

जागेवर काय दिसले

खांब आयएसएमबी ३०० या छेदाचे, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या आय आकाराचे होते. ‘आय’च्या दोन टोकांच्या पट्ट्या म्हणजे फ्लँज आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी म्हणजे वेब. या छेदाचे क्षेत्रफळ ५६.२६ चौरस सेंटिमीटर. बळकट अक्षाभोवतीची परिभ्रमण त्रिज्या (ती जितकी लहान तितका खांब त्या बाजूला लवकर लचकतो) १२.३७ सेंटिमीटर आणि कमकुवत अक्षाभोवतीची केवळ २.८४ सेंटिमीटर. जडत्वाघूर्ण, म्हणजे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, पाहिले तर एका अक्षाभोवती खांब दुसऱ्याच्या सुमारे १९ पट ताठ आहे. म्हणजे शेडच्या रुंदीच्या दिशेने हा खांब पहिलवान आहे आणि लांबीच्या दिशेने वेताची काठी. असा छेद खांबासाठी वापरताना लांबीच्या दिशेने त्याला मधेमधे धरून ठेवणे हा रचनेचा मूळ भाग असतो, सोयीचा नव्हे.

मालकांनी जुने नकाशे जपून ठेवले होते, हे मोठे भाग्य. नकाशात खांबाची उंची ६ मीटर होती, ३ मीटरवर लांबीच्या दिशेने सगळे खांब जोडणारा चॅनेलचा टाय होता, आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या एका गाळ्यात जमिनीपासून छतापर्यंत अँगलचे फुलीचे ब्रेसिंग (खांब सरकू नयेत म्हणून तिरके घातलेले अँगल) होते. मूळ रचनाकाराने कमकुवत अक्षाभोवती खांबाची मोकळी, म्हणजे दोन आधारांमधली, लांबी ३ मीटर धरली होती, आणि नकाशाप्रमाणे ती योग्यच होती.

जागेवर मात्र रस्त्याकडच्या बाजूला फुलीचे ब्रेसिंग नव्हते. चार वर्षांपूर्वी ट्रक आत घेण्यासाठी त्याच गाळ्यात मोठा दरवाजा काढला गेला आणि आड येणारे चारही अँगल कापले गेले. त्या गाळ्यातला टायही गेला. बाकीच्या पाच गाळ्यांतले टाय मात्र जसेच्या तसे होते. मालक ते दाखवत म्हणाले, “एकच तर काढलाय, बाकी सगळे आहेत की.”

या ठिकाणी थोडे थांबावे लागेल, कारण हीच समजूत मी अनेक शेडमध्ये पाहिली आहे. टाय एका खांबाला दुसऱ्या खांबाशी जोडतो, जमिनीशी जोडत नाही. सातही खांब एकाच दिशेने लचकू लागले तर टाय त्यांच्याबरोबर सरकतो आणि कोणालाच अडवत नाही, जसे एकमेकांचे हात धरून उभी असलेली सात माणसे उतारावर एकत्रच घसरतात. टायच्या ओळीत कोठेतरी एक गाळा असा हवा की ज्यातले तिरके अँगल त्या पातळीचे बळ पायापर्यंत नेतील. तो गाळा गेला की ३ मीटरवरचा आधार संपूर्ण बाजूचाच गेला. छताच्या पातळीवरचे आडवे ब्रेसिंग शाबूत होते आणि पलीकडच्या भिंतीतले फुलीचे ब्रेसिंगही, म्हणून खांबाचे वरचे टोक लांबीच्या दिशेने धरलेले मानता आले. पण रस्त्याकडच्या सात खांबांची मोकळी लांबी आता ३ नव्हे, ६ मीटर होती. तळाशी जांभ्या चिऱ्याची हातभर-दोन हात उंच भिंत होती. ती खांबाला नुसती टेकलेली होती, तिचा आधार धरण्यात अर्थ नव्हता.

ओळंबा सोडून प्रत्येक खांब मोजला. रस्त्याकडच्या ओळीत मध्यावर सर्वाधिक ८ मिलिमीटर बाक आढळला, लांबीच्या दिशेने. ६ मीटरच्या खांबाला हजाराव्या भागाइतका, म्हणजे ६ मिलिमीटर बाक हा नेहमीचा मानला जातो आणि बकलिंगचे (दाबाखाली खांब बाजूला लचकण्याचे) वक्र मुळात तेवढा बाक गृहीत धरूनच बेतलेले आहेत. त्यामुळे ८ मिलिमीटरने घाबरण्याचे कारण नव्हते, पण पुढच्या गणितात सवलत मागण्याची जागाही उरली नव्हती.

भार

छताचे स्थिर वजन एका खांबाच्या वाट्याच्या ३० चौरस मीटरवर १०.५ किलोन्यूटन, खांब आणि बाजूचे पत्रे ५, गॅन्ट्री गर्डर व रूळ ३, मिळून १८.५ किलोन्यूटन. छतावरचा चल भार, १७ अंशांच्या उताराला ०.६१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर या दराने, १८.३ किलोन्यूटन.

क्रेनचा हिशोब जरा सविस्तर देतो. क्रेनच्या पुलाचे वजन २० किलोन्यूटन, ट्रॉली ३ आणि उचललेला माल २०. रुळांमधले अंतर ११.२ मीटर आणि हूक रुळाच्या ०.८ मीटरपर्यंत जाऊ शकतो. त्या स्थितीत एका बाजूच्या दोन चाकांवर मिळून ३१.४ किलोन्यूटन येतात. चाकांमधले अंतर २ मीटर. एक चाक खांबापाशी असताना दुसरे ५ मीटरच्या गर्डरवर २ मीटर आत असते, म्हणून खांबाच्या वाट्याला २५.१ येतात. विजेवरच्या क्रेनला आयएस ८७५ या भारांविषयीच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे २५ टक्के आघात धरावा लागतो, तो मिळवून ३१.४ किलोन्यूटन. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा येतो, हा योगायोग आहे.

हा भार खांबाच्या मध्यावर येत नाही. रूळ खांबाच्या मध्यापासून ०.४ मीटर आत आहे, म्हणून बळकट अक्षाभोवती १२.६ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट तयार होतो, आणि गर्डरच्या वजनाचा १.२. ट्रॉली थांबताना बसणारा आडवा धक्का, ट्रॉली व मालाच्या १० टक्के धरून आणि दोन रुळांत वाटून आणि त्यातला या खांबाच्या वाट्याचा घेऊन, ब्रॅकेटच्या ४.५ मीटर उंचीवरून पायथ्याशी ४.१ किलोन्यूटन-मीटर देतो. हे सारे मोमेंट खांबाने एकट्याने पायापर्यंत न्यायचे, असे मी धरले. कैचीमुळे त्यातला काही भाग पलीकडच्या खांबाकडे जातो, तो सोडून दिला.

आणखी एक मोमेंट आहे, जो कागदावर फारच थोडे लोक लिहितात. फॅब्रिकेटरने तो लिहिला होता, याचे मला मनापासून कौतुक वाटले. ब्रॅकेटवर दोन बाजूंचे दोन गर्डर टेकतात आणि प्रत्येकाचे टोक खांबाच्या मध्यरेषेपासून ७५ मिलिमीटर बाजूला असते. दोन्ही चाके एकाच गर्डरवर असताना सगळा भार एकाच टोकातून येतो आणि कमकुवत अक्षाभोवती २.३६ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट तयार होतो. आकडा क्षुल्लक दिसतो. पण तो ज्या अक्षाभोवती काम करतो त्याभोवती या खांबाची क्षमता सगळी मिळून १७.७ आहे.

आयएस ८००:२००७ या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे क्रेनचा भार प्रमुख धरून स्थिर भार व क्रेन यांना १.५ आणि छतावरच्या चल भाराला १.०५ हे सुरक्षेचे गुणक लावले. खांबावरचा दाब ९४.१ किलोन्यूटन आला आणि बळकट अक्षाभोवतीचा मोमेंट २६.९ किलोन्यूटन-मीटर. कमकुवत अक्षाभोवतीचा ३.५४ चा गुणित मोमेंट ४.५ मीटर उंचीवर लागतो आणि ब्रॅकेटच्या वर-खाली उंचीच्या प्रमाणात वाटला जातो, त्यातला मोठा वाटा २.६५.

एकाच खांबाची वेगवेगळी उत्तरे

मानकात दोन स्वतंत्र तपासण्या सांगितल्या आहेत आणि दोन्ही कराव्या लागतात. पहिली छेदाच्या ताकदीची. दाबाचे त्याच्या क्षमतेशी प्रमाण, अधिक दोन्ही मोमेंटची त्यांच्या क्षमतांशी प्रमाणे, ही बेरीज १ च्या आत हवी. छेदाची दाबक्षमता १२७९ किलोन्यूटन आणि बळकट अक्षाभोवतीची मोमेंट-क्षमता १४८ किलोन्यूटन-मीटर. प्रमाणे ०.०७, ०.१८ आणि ०.१५ येतात, बेरीज ०.४१ भरते. फॅब्रिकेटरच्या १०५ भागिले २५० या उत्तराशी हे जवळजवळ जुळते. तोवर त्याचे म्हणणे खरेच होते.

दुसरी तपासणी संपूर्ण सदस्याची. येथे क्षमता छेदाची राहत नाही, लांबीने कापलेली असते. ६ मीटर मोकळ्या लांबीला कमकुवत अक्षाभोवतीचे कृशता गुणोत्तर (लांबी भागिले परिभ्रमण त्रिज्या) ६००० भागिले २८.४, म्हणजे २११ होते. आय आकाराच्या या छेदाला कमकुवत अक्षासाठी मानकातला बकलिंगचा ‘ब’ वक्र लागू होतो आणि दाबक्षमता १९६ किलोन्यूटनवर येते. १२७९ चे १९६. मोमेंटचीही तीच गत. दाबातला फ्लँज मधे कोठे धरलेला नसेल तर खांब वाकता वाकता बाजूला सरकून पिळवटतो, आणि खांबभर सारख्या मोमेंटचे नेहमीचे गृहीतक धरले तर १४८ ची क्षमता ५६ उरते.

मग बेरीज अशी होते. दाबाचे प्रमाण ९४.१ भागिले १९६, म्हणजे ०.४८. बळकट अक्षाच्या मोमेंटचे प्रमाणही २६.९ भागिले ५६, म्हणजे ०.४८, त्याला मानकातला ०.९३ चा गुणक लावून ०.४४. कमकुवत अक्षाच्या मोमेंटचे मूळ प्रमाण ०.१५, पण त्याला दाबामुळे वाढवणारा गुणक १.३८ आणि मोमेंटच्या आकाराचा गुणक ०.९ लावून ०.१९. एकूण १.११.

त्या १.३८ विषयी चार शब्द लिहिणे आवश्यक वाटते, कारण दाब आणि वाकण “एकत्र” तपासण्याचे सगळे मर्म त्यात आहे. खांब मोमेंटने थोडासा वाकला की त्यावरचा दाब आता सरळ रेषेतून जात नाही. वाकलेल्या मध्याशी त्या दाबाचे अंतर तयार होते, दाब गुणिले ते अंतर हा नवा मोमेंट होतो, त्याने खांब आणखी वाकतो, आणि अंतर आणखी वाढते. दाब बकलिंगच्या क्षमतेपेक्षा खूप कमी असेल तर ही वाढ लवकर थांबते. दाब क्षमतेच्या जवळ असेल तर ती थांबतच नाही. म्हणून नुसता दाब ०.४८ आणि नुसता मोमेंट ०.४८ आहे, दोन्ही निम्म्याच्या आत आहेत, असे वेगवेगळे पाहून समाधान मानता येत नाही. एक दुसऱ्याची क्षमता खातो. आयएस ८०० च्या १९८४ च्या जुन्या आवृत्तीतही हेच तत्त्व होते. तेथे वाकणाच्या ताणाला १ वजा दाबाच्या एका प्रमाणाने भागून वाढवत असत. २००७ मध्ये मांडणी बदलली, विचार तोच राहिला.

बळकट अक्षाभोवतीचे दुसरे समीकरणही पाहिले. वरचे टोक रुंदीच्या दिशेने सरकू शकते, म्हणून प्रभावी (गणितात धरायची) लांबी दुप्पट, १२ मीटर धरली. तरीही गुणोत्तर ९७ येते आणि दाबक्षमता ७६९ किलोन्यूटन. बेरीज ०.७१. या दिशेने काळजी नव्हती.

०.९९ पर्यंत ओढलेले उत्तर

१.११ आल्यावर कोणीही विचारील की गृहीतके जरा जास्तच कडक नाहीत काय, आणि हा प्रश्न प्रामाणिकपणे घ्यायला हवा. बळकट अक्षाभोवतीचा मोमेंट ब्रॅकेटच्या वर जवळजवळ शून्य होतो, म्हणून पिळवटण्याच्या गणितात सुमारे १.२ चा सवलतीचा गुणक देता येईल. त्याने क्षमता ५६ वरून ६५ होते. कमकुवत अक्षाच्या मोमेंटचा आकार-गुणक ०.९ ऐवजी ०.६ घेता येईल. दोन्ही सवलती घेतल्या की बेरीज ०.९९ वर येते. माझ्याबरोबरच्या तरुण अभियंत्याने संगणकावर हे करून दाखवले आणि त्यात गणिताची चूक नव्हती.

तरीही मी ते उत्तर स्वीकारले नाही. स्थिर आणि चल भारांनी दाबाखाली असणाऱ्या सदस्याचे कृशता गुणोत्तर १८० च्या वर जाऊ नये, अशी मानकाची वेगळी अट आहे. समीकरणात कितीही सवलत घेतली तरी २११ हे २११ च राहते. यावर तरुण अभियंत्याने पायथा घट्ट धरण्याचा मुद्दा मांडला. पायथा लांबीच्या दिशेनेही घट्ट मानला तर प्रभावी लांबी ०.८ पट, म्हणजे ४.८ मीटर होते, आणि गुणोत्तर १६९ येते. मुद्दा शास्त्राला धरून होता. पण पायथ्याशी जाऊन पाहिले तर रुंदीच्या दिशेने बोल्टांमध्ये ४५० मिलिमीटर अंतर होते आणि लांबीच्या दिशेने केवळ १२०. त्या दिशेने बेसप्लेटला एकही उभी ताठपट्टी नव्हती आणि प्लेटखालचे ग्राउट (प्लेट आणि पाया यांमधला भराव) कडेने सुटले होते. असा पायथा रुंदीच्या दिशेने घट्ट आणि लांबीच्या दिशेने बिजागरीसारखाच धरावा, असे माझे मत झाले. गृहीतक गणितातून नव्हे, पायथ्याशी बसून ठरवायचे असते.

मालकांचा आक्षेप वेगळा होता आणि तोही रास्त होता. ब्रेसिंग काढून चार पावसाळे झाले. पश्चिमेचा वारा आणि पाऊस बेळगावात जून ते ऑगस्ट काय असतो, हे येथे कोणाला सांगायला नको. मग शेड उभी कशी? उत्तर असे की क्रेन नसताना खांबावरचा गुणित दाब ५१ किलोन्यूटनच्या आसपास होता, १९६ च्या पाव हिश्शाइतका. शेड उभी होती कारण तिच्यावर भार नव्हता, आणि आपण नेमका तोच आणून ठेवणार होतो.

वाऱ्याचे गणित या निमित्ताने करावे लागलेच. पिळवटण्याच्या गृहीतकाचा खरा फरक त्यात दिसतो, म्हणून ते येथे देतो. संरचनेवरचा वाऱ्याचा दाब ०.६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरला असता वाऱ्याकडच्या खांबाच्या पायथ्याशी ३१.४ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट येतो. वारा प्रमुख धरून, वारा, स्थिर भार व चल भार यांना १.२ आणि क्रेनला ०.५३ हे गुणक लावले की मोमेंट ४८ आणि दाब ६१ किलोन्यूटन होतो. सारख्या मोमेंटची ५६ ची क्षमता वापरली तर बेरीज १.१९ होते, म्हणजे क्रेनच्या जोडणीपेक्षाही वाईट. पण वाऱ्याचा मोमेंट पायथ्याशी सर्वाधिक असतो आणि वर जाताना झपाट्याने घटून शून्यावर येतो. अशा आकाराला मानकाच्या परिशिष्टात १.८८ चा गुणक आहे. तो लावल्यावर क्षमता ५६ ची ९० होते आणि बेरीज ०.८८ वर उतरते. येथे सवलत खरी आहे, कारण मोमेंटचा आकारच तसा आहे. क्रेनचा मोमेंट मात्र पायथ्यापासून ४.५ मीटरपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो, म्हणून तेथे कडक गृहीतक सत्याच्या जवळ आहे. दोन्हीकडे एकच आकडा डोळे झाकून वापरला असता तर वाऱ्याला घाबरून आणि क्रेनला मोकळे सोडून आम्ही चुकीच्या जागी पैसा घातला असता.

उपाय

फॅब्रिकेटरचा पहिला प्रस्ताव फ्लँजवर पट्ट्या वेल्ड करण्याचा होता. दोन्ही फ्लँजवर १४० बाय १० ची पट्टी पूर्ण उंचीभर लावली तर एका खांबाला १३२ किलो, सात खांबांना ९२० किलोंच्या वर पोलाद लागते, शिवाय छत डोक्यावर असताना उभ्या खांबावर वेल्डिंगची लांबच लांब रेघ ओढावी लागते. एवढे करून कमकुवत अक्षाची त्रिज्या २.८४ वरून ३.२९ सेंटिमीटर होते आणि गुणोत्तर २११ वरून १८२. नऊशे किलो पोलाद घालून १८० ची अट तरीही मोडलेलीच राहते! हा आकडा मी मालकांसमोर मुद्दाम दोनदा काढून दाखवला.

त्यापेक्षा खांबाची मोकळी लांबी परत ३ मीटर करावी, असे ठरले. दरवाजा हलवणे शक्य नव्हते, म्हणून फुलीचे ब्रेसिंग शेजारच्या गाळ्यात घेतले. ६५ बाय ६५ बाय ६ चे अँगल, जमिनीपासून ३ मीटरपर्यंत एक फुली आणि तेथून छतापर्यंत दुसरी. चार तिरक्या अँगलचे मिळून सुमारे १३५ किलो. दरवाजाच्या गाळ्यात मात्र टाय ३ मीटरवर घालता येत नव्हता, ट्रक अडला असता. पण दरवाजाच्या दोन्ही बाजूंचे टायचे तुकडे वेगवेगळे उरले होते आणि नवी फुली त्यांतल्या एकाच तुकड्याला धरत होती. म्हणून पलीकडच्या तुकड्यासाठी दरवाजाच्या दुसऱ्या बाजूच्या गाळ्यातही तशीच फुली घ्यावी लागली. एकूण पोलाद २७० किलो झाले. पट्ट्यांच्या एक तृतीयांशाहूनही कमी.

खांबाला धरून ठेवण्यासाठी लागणारे बळ किती लहान असते, हे पाहून मालकांना नवल वाटले. दाबातल्या फ्लँजमध्ये मोमेंटचे सुमारे ९४ आणि अक्षीय दाबाचा अर्धा, ४७, असे १४० किलोन्यूटन येतात. त्याच्या अडीच टक्के, साडेतीन किलोन्यूटन, एवढेच बळ टायने एका खांबाला द्यायचे. सायकलच्या कॅरियरला बांधता येतील अशा दोऱ्यांचे हे काम नव्हे, पण साध्या अँगलला ते जडही नाही.

एका बाबतीत जुन्या नकाशाचे आम्ही ऐकले नाही. जुना टाय खांबाच्या बाहेरच्या फ्लँजला जोडलेला होता. क्रेनचा भार आतल्या ब्रॅकेटवर येतो, म्हणून दाबाखाली येतो तो आतला फ्लँज, आणि पिळवटण्याची सुरुवात तोच करतो. बाहेरचा फ्लँज धरून आतला मोकळा ठेवला तर बाजूला सरकण्याला आळा बसतो, पिळाला बसत नाही. म्हणून प्रत्येक खांबात टायच्या पातळीवर वेबच्या दोन्ही बाजूंना फ्लँज ते फ्लँज ८ मिलिमीटरच्या ताठपट्ट्या वेल्ड केल्या आणि टाय त्या पट्ट्यांशी जोडून घेतला. एका खांबामागे अर्ध्या दिवसाचे काम वाढले. फॅब्रिकेटरची ही पट्ट्यांची कटकट टाळण्याची इच्छा होती. मी त्याला एक पातळ लोखंडी पट्टी हातात देऊन एका कडेने धरायला आणि दुसरी कड दाबायला सांगितले, त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

या व्यवस्थेत आकडे असे झाले. गुणोत्तर १०६, दाबक्षमता ६१९ किलोन्यूटन, मोमेंट-क्षमता १०७ किलोन्यूटन-मीटर. तीन प्रमाणे ०.१५, ०.२५ आणि ०.१५, बेरीज ०.५५. क्रेन थांबताना रुळाच्या दिशेने बसणारा धक्का, चाकांवरच्या भाराच्या पाच टक्के, म्हणजे दीड किलोन्यूटनच्या आसपास, मानकाप्रमाणे आडव्या धक्क्याबरोबर एकाच वेळी धरत नाहीत. त्याची वेगळी तपासणी केली. तो आता नव्या फुल्यांमधून पायापर्यंत जातो. पूर्वी त्याला जाण्यासाठी पलीकडच्या भिंतीपर्यंतची वाट होती.

पलीकडच्या ओळीत ब्रेसिंग शाबूत होते, तेथे केवळ टायच्या पातळीवरच्या ताठपट्ट्या घातल्या. दोन्ही ओळींच्या पायथ्यांशी सुटलेले ग्राउट काढून नवे भरले आणि बोल्ट पुन्हा आवळले.

कामाचा क्रम मी लेखी दिला होता. आधी दोन्ही फुल्या, मग ताठपट्ट्या, मग ब्रॅकेट, आणि गर्डर सर्वांत शेवटी. फुलीचे अँगल घट्ट करण्याआधी खांब ओळंब्यात घेतले, तेव्हा ८ मिलिमीटरचा बाक ५ वर आला. क्रेन बसल्यावर अडीच टनांच्या कास्टिंगने, म्हणजे ठरलेल्या भाराच्या सव्वापटीने, प्रत्येक खांबापाशी चाचणी घेतली आणि पुन्हा ओळंबा सोडला. वजन असताना आणि काढल्यावर लांबीच्या दिशेचा फरक मोजपट्टीवर दिसला नाही.

त्या दिवशी मालकांनी रंगाचा डबा मागवला आणि दोन्ही फुल्यांच्या मधोमध प्लेटवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घेतले, “हा अँगल कापू नये.” गोकाककडचा वेल्डर होता, कन्नड ओळ त्याने स्वतः लिहिली.